निवड आधीं, कृति मागाहून

‘निवडणें’ हा शब्द आमच्या घरांतून प्रथम स्वयंपाकघरांत ऐकूं येतो. तांदूळ निवडावयाचे ते दाण्यादाण्यानें, मेथी निवडावयाची ती पानापानानें, आणि बाजारांत केळीं निवडावयाचीं तीं मात्र फणीफणीनें. जिन्नस बदलला कीं निवडीचें मापहि बदलतें, हें कोणाहि गृहिणीस शिकवावें लागत नाहीं.

संगणकावर लिहितांना जें एक काम शंभर वेळां करावें लागतें, त्यालाहि मराठींत निवडणेंच म्हणतात. पडद्यावरील मजकुराच्या कांहीं भागावर रंग चढवावयाचा, आणि मग तो भाग पुसावयाचा, ठळक करावयाचा किंवा उचलून दुसरीकडे न्यावयाचा. हें काम इतकें क्षुल्लक वाटतें कीं, तें कोणी कोणास शिकवीत नाहीं व शिकणाराहि त्याविषयीं विचारीत नाहीं. परंतु या क्षुल्लक कामांत केवढी वस्तु हरवूं शकते, याचें एक उदाहरण अलीकडे आमच्या पाहण्यांत आलें. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही याच विषयास देत आहों.

घराणें आमच्या परिचयाचें आहे; त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्याची एक शाखा साताऱ्यास व दुसरी सांगलीस. घराण्याचा कुलवृत्तांत दोन पिढ्यांपूर्वीं छापलेला होता. त्याची नवी आवृत्ति काढावी असें उभय शाखांनीं ठरविलें. सांगलीकडील नोंदींच्या वह्या २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेचें पाणी घरांत शिरलें तेव्हां भिजल्या होत्या. शाई पसरली होती, पानें एकमेकांस चिकटलीं होतीं. त्यांतून जेवढें वाचतां आलें तेवढें घरांतील सुनेनें मोठ्या चिकाटीनें टंकून साताऱ्यास धाडलें. साताऱ्याच्या पुतण्यानें दोन्ही शाखांच्या नोंदी एकत्र करून पिढीवार लावल्या. गृहस्थ सेवानिवृत्त, काम मन लावून करणारे. तीन महिने खपून त्यांनीं मसुदा सिद्ध केला आणि त्याची छापील प्रत सांगलीस आत्याबाईंकडे वाचावयास पाठविली.

आत्याबाईंचें वय ८६ वर्षांचें. त्यांनीं भिंग घेऊन मसुदा वाचावयास आरंभ केला, आणि चौथ्या दिवशीं साताऱ्यास दूरध्वनि केला.

“अरे, आमची मधली बहीण कोठें रे गेली?”

“आत्या, असेल कीं! ती नोंद मीं स्वतः लावली आहे.”

“अण्णांची नोंद आहे. माझे दोघे भाऊ आहेत. मी नाहीं आणि ती नाहीं. माझें राहूं दे, मी अजून आहें. पण ती नवव्या वर्षीं गेली रे. तिचें छायाचित्रसुद्धां घरांत नाहीं. काय ती त्या वहींत तेवढी होती.”

पुतणे दचकले. त्यांनीं सुनेकडून आलेला मूळ मजकूर उघडून मसुद्याशीं ताडून पाहिला, तेव्हां उलगडा झाला. मूळ मजकुरांत प्रत्येक नोंद एका परिच्छेदाची होती. आधीं पुरुषाचें नांव, मग जन्म, शिक्षण, व्यवसाय, पत्नी, त्यानंतर पुत्र, आणि अगदीं अखेरीस कन्या. जुन्या कुलवृत्तांतांत हा क्रम आपणांस सर्वत्र आढळतो. लहान नोंद पडद्यावर एका ओळींत बसे; मोठी नोंद दुसऱ्या ओळींत उतरे. पुतणे डाव्या समासांत माऊसची टिचकी मारून ओळ निवडीत, तिची नक्कल घेत आणि नव्या मसुद्यांत योग्य पिढीखालीं चिकटवीत. नोंद एका ओळीची असली कीं ती पुरी येई. दोन ओळींची असली कीं पहिली ओळ येई, दुसरी मागें राही. कांहीं ठिकाणीं ओळीच्या शेवटीं स्वल्पविराम लोंबत राहिला होता. तो टंकनाचा दोष समजून त्यांनीं तेथें पूर्णविराम दिला आणि नोंद साफ केली. दुसऱ्या ओळींत काय होतें? घरच्या मुली. अशा एकंदर अकरा मुली मसुद्यांतून गळाल्या, आणि त्यांना गाळावें असें कोणाच्याहि मनांत नव्हतें.

या प्रकारांत अपराधी कोण? आमच्या मतें अपराध माणसाचा थोडा व मापाचा फार. पुतण्यांनीं निवडली ओळ. निवडावयास हवी होती नोंद. ओळ ही लेखकाची नसते, ती कागदाच्या रुंदीची असते. अक्षराचा आकार वाढविला, समास बदलला, किंवा तोच मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला कीं ओळी निराळ्या ठिकाणीं तुटतात. परिच्छेद मात्र लेखकानें स्वतः संपविलेला असतो. तो कोठेंहि न्या, तेवढाच राहतो. सातारा जिल्ह्यांतील वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें आणि १९७६ सालीं त्याचा पहिला खंड निघाला. एवढ्या प्रचंड ग्रंथाचा घटक कोणता? पान नव्हे, स्तंभ नव्हे, ओळ तर नव्हेच. त्याचा घटक नोंद हा आहे. नोंद अर्धी उचलली कीं ज्ञान अर्धें झालें. कुलवृत्तांताचें तसेंच आहे.

आतां हीं मापें किती आणि कोणतीं, हें क्रमानें पाहूं. बहुतेक घरांत मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा त्यासारखी लेखनप्रणाली असते. तींत पुढील सर्व मापें तयार आहेत.

सर्वांत लहान माप अक्षराचें. इंग्रजींत हें सोपें आहे, देवनागरींत नाहीं. ‘स्त्री’ हा शब्द आपल्या डोळ्यांस एक अक्षर दिसतो, पण संगणकाच्या पोटांत त्याचे सहा तुकडे असतात : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. शब्दाच्या शेवटीं उभे राहून मागें पुसण्याची कळ एकदां दाबली तर बहुधा केवळ ईकार जातो व ‘स्त्र’ उरतो. तेंच अक्षराच्या आधीं उभे राहून पुढचें पुसण्याची कळ दाबली तर बहुतेक प्रणालींत अख्खें अक्षर जातें. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत झाला होता; परंतु जोडाक्षर हा एकच घटक मानावा हा सर्वसाधारण नियम देवनागरीसह कांहीं भारतीय लिपींकरितां २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तींत आला. तोंपर्यंतच्या नियमानें ‘क्ष’ मध्येंच तुटूं शकत असे. म्हणून एखादें अक्षर सुधारतांना अर्धवट चिन्हाशीं झटापट करण्यापेक्षां अख्खा शब्द निवडून पुन्हा टंकावा, हें बरें.

दुसरें माप शब्दाचें. शब्दावर दोनदां टिचकी मारली कीं तो निवडला जातो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इंग्रजींत ‘पासून’, ‘मध्यें’ हे अर्थ निराळ्या शब्दांनीं दाखवितात; मराठींत प्रत्यय शब्दालाच चिकटतो. ‘साताऱ्याहून’ हा शब्द निवडून त्या जागीं ‘सांगली’ टंकलें तर गांवाबरोबर ‘हून’ हि जातो, आणि माणूस सांगलीहून आला कीं सांगलीस गेला हेंच कळेनासें होतें.

तिसरें माप वाक्याचें. वर्डमध्यें कंट्रोलची कळ दाबून धरून वाक्यांत कोठेंहि टिचकी मारली तर तें वाक्य निवडलें जातें. परंतु यंत्र वाक्याचा शेवट ओळखतें तो टिंबावरून. आमच्या नोंदींत टिंबांचा सुकाळ असतो, ‘कै.’, ‘सौ.’, ‘चि.’, ‘वि. ग.’ असें प्रत्येक नांवाआधीं आलें कीं यंत्राला वाटतें वाक्य संपलें. इंग्रजींत पुढील मोठ्या लिपीच्या अक्षरावरून कांहीं अदमास बांधतां येतो. देवनागरींत मोठें-लहान अक्षर नाहीं, तेव्हां तोहि आधार नाहीं. म्हणून कुलवृत्तांत, निमंत्रण-पत्रिका, देणगीदारांच्या याद्या अशा कामीं वाक्याचें माप वापरूंच नये.

चौथें माप परिच्छेदाचें, आणि आमच्या मतें घरगुती लेखनांत हेंच सर्वांत विश्वासाचें. वर्डमध्यें परिच्छेदांत तीनदां टिचकी मारली कीं तो पुरा निवडला जातो; समासांत दोनदां मारली तरीहि तेंच होतें. लिबर-ऑफिस वापरणाऱ्यांनीं मात्र सावध असावें, कारण तेथें तीन टिचक्यांनीं वाक्य व चार टिचक्यांनीं परिच्छेद निवडला जातो. हीं सर्व मापें चढत्या क्रमानें पाहावयाचीं असतील तर वर्डमधील एफ-८ ही कळ पुनः पुनः दाबून पाहावी : पहिल्या दाबानें निवड सुरू होते, दुसऱ्यानें शब्द, तिसऱ्यानें वाक्य, चौथ्यानें परिच्छेद, आणि त्यापुढें मोठा भाग किंवा सर्व मजकूर. एस्केपच्या कळीनें ही चढण थांबते. ज्यांचा हात माऊसवर कांपतो अशा वडील मंडळींना हा मार्ग फार सोयीचा आहे.

पांचवें माप उभ्या पट्ट्याचें. दहा ओळींच्या आरंभींचे क्रमांक तेवढे पुसावयाचे असले, तर आल्टची कळ धरून माऊस तिरपा ओढावा. म्हणजे ओळींचा आडवा भाग न निवडतां उभा चौकोन निवडला जातो. रोमन लिपींत सर्व अक्षरें समान रुंदीचीं असा ठसा वापरला तर हा चौकोन सरळ पडतो. देवनागरींत ‘र’ अरुंद व ‘क्ष’ रुंद. त्यामुळें चौकोनाची कड एका ओळींत अक्षराच्या अलीकडे व दुसरींत पलीकडे जाते. ज्या मजकुरांत नांव, जन्मतिथि, गांव अशीं सदरें आहेत, तो आरंभापासून कोष्टकांतच घालावा. कोष्टकांत स्तंभाच्या माथ्यावर टिचकी मारली कीं तो स्तंभ अचूक निवडला जातो.

मजकुराचे तुकडे पाडण्याचा हा विचार संगणकाबरोबर आला, असें मात्र कोणी समजूं नये. वेदपाठाच्या परंपरेंत संहितेचीं पदें निराळीं करून पदपाठ सिद्ध केला, आणि त्या पदांवर क्रम, जटा, घन उभारले, ते मजकूर अक्षराअक्षरानें सुरक्षित राहावा म्हणूनच. पोथ्या लिहिणारे लेखक सुटलेलें अक्षर हंसपद काढून समासांत लिहीत, आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळ फांशीत. ‘हरताळ फांसणें’ हा आमचा वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ नेमका किती अक्षरांवर फांसावयाचा, हें ठरविणें हीच त्या काळची निवड होती.

आमच्या याच प्रांतांत दुसरें टोकहि पाहावयास मिळतें. १८०५ सालीं मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. नाना फडणविसांच्या काळीं पुण्यास आरंभलेला हा उद्योग मिरजेस तडीस गेला. त्या छपाईंत पत्रा हाच घटक होता. एक अक्षर चुकलें तर तें उचलून दुसरें ठेवण्याची सोय नव्हती. पुढें सुटे खिळे आले, तेव्हां जुळाऱ्यास अक्षर, ओळ किंवा अख्खा मजकूर हवा तसा हलवितां येऊं लागला. आणि हलवितां येऊं लागला म्हणूनच सांडतांहि येऊं लागला. संगणकानें ही मोकळीक शतगुणित केली. सांडण्याची भीति त्याच प्रमाणांत वाढली.

या भीतीची एक गोष्ट संगणकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेंत झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रांत १९७० नंतरच्या दशकांत ब्राव्हो नांवाची लेखनप्रणाली होती. तींत साध्या अक्षरांच्या कळा म्हणजेच आज्ञा असत. लिहिण्याची अवस्था चालू आहे अशा समजुतीनें एखाद्यानें ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर त्याच्या पहिल्या अक्षरानें सर्व मजकूर निवडला जाई, दुसऱ्यानें तो पुसला जाई, तिसऱ्यानें नवें लिहिणें सुरू होई, आणि चौथें अक्षर, एकटें ‘टी’, कोऱ्या पडद्यावर उभें राही! त्याच केंद्रांत लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनीं पुढें जिप्सी नांवाची प्रणाली केली. तींत अशा लपलेल्या अवस्था काढून टाकल्या. आधीं माऊसनें मजकूर निवडावयाचा, तो रंगलेला डोळ्यांनीं पाहावयाचा, आणि मग कापा, चिकटवा अशी आज्ञा द्यावयाची, ही रीत रूढ झाली. टेस्लर २०२० सालीं वारले. त्यांची रीत आज घरोघर आहे.

याहून निराळी रीत बिल जॉय यांनीं १९७६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘व्हीआय’ नांवाच्या संपादकाची. तेथें क्रियापद आधीं येतें : प्रथम ‘पूस’, मग ‘शब्द’. ही इंग्रजीची वाक्यरचना झाली. आम्ही ‘दार लाव’, ‘पान वाढ’ असें म्हणतों. आधीं कर्म, मग क्रियापद. त्यामुळें निवड आधीं व कृति मागाहून ही रीत मराठी माणसाच्या जिभेवरच आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्या संपादकाचा ‘व्हिम’ नांवाचा वंशज ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत निवड आधीं करण्याचीहि सोय आहे, आणि अक्षरांची, ओळींची व उभ्या पट्ट्याची अशा तीन निवडींना तीन स्वतंत्र कळा आहेत. शिवाय ‘अवतरणचिन्हांच्या आंतील मजकूर’ आणि ‘अवतरणचिन्हांसकट मजकूर’ असा भेदहि त्यास कळतो. बदाम सालासकट हवा कीं सोललेला, हें विचारणाऱ्या वाणसामानाच्या दुकानदाराइतका तो चोखंदळ आहे. घरांतील जीं मुलें संगणकशास्त्र शिकतात त्यांच्याकडून तो एकदां पाहून घ्यावा.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून हा विषय पुरा करूं. पहिली : मजकूर हलवावयाचा असला तरी आरंभीं कापूं नये, नक्कल घ्यावी, मूळ फाईल वेगळ्या नांवानें तशीच जपावी. दुसरी : निवड केल्यावर लगेच कळ दाबूं नये, निवडीचीं दोन्ही टोंकें डोळ्यांनीं पाहावीं. वाचनांत आपण आरंभ पाहतों. निवडींत शेवट पाहावा. तिसरी : वर्डच्या खालच्या पट्टींत निवडलेल्या शब्दांची संख्या दिसते, काम संपल्यावर जुन्या व नव्या मजकुराची एकूण शब्दसंख्या ताडावी. पुतण्यांनीं एवढें केलें असतें तर तूट त्याच दिवशीं कळली असती. चौथी : कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबल्या कीं वर्डमध्यें परिच्छेद कोठें संपतो तेथें एक खूण दिसूं लागते. ओळ संपली म्हणजे नोंद संपली, हा भ्रम ती खूण पाहतांच नाहींसा होतो.

सुदैवानें पुतण्यांनीं कापलें नव्हतें, नक्कल घेतली होती. सुनेनें टंकलेला मूळ मजकूर शाबूत होता. त्यांनीं पुन्हां आरंभापासून एकेक परिच्छेद निवडून सर्व नोंदी लावल्या. पंधरा दिवस लागले. अकराहि मुली आपापल्या आईबापांजवळ परत आल्या. शिवाय या निमित्तानें उभय शाखांनीं एक ठराव केला : नव्या आवृत्तींत पुत्र व कन्या असे दोन निराळे कप्पे न करतां सर्व अपत्यें जन्मक्रमानें द्यावयाचीं. मुली शेवटच्या ओळींत राहिल्या म्हणून गळाल्या. त्या शेवटच्या ओळींत कां होत्या, हा प्रश्न यंत्रानें उपस्थित केला नव्हता, आत्याबाईंनीं केला.

दुरुस्त मसुदा सांगलीस गेला तेव्हां आत्याबाईंनीं तें एकच पान काढून घेतलें आणि देवघरांत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत ठेवलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या टंकावयास आज घ्याव्या. पाणी पुन्हां केव्हां चढेल तें सांगतां येत नाहीं. मात्र प्रत्येक वेळीं बोट उचलण्यापूर्वीं एकदां पाहावें कीं, आपण निवडली ती ओळ आहे, कीं माणूस.